वाहते रक्त
(पवनार येथील प्रौढ वर्गात दिलेले भाषण)



आज आम्ही एका वेगळ्याच विषयावर बोलणार आहोत. विषय आहे बाळंतपणाचा. तुम्ही म्हणाल, गुरुजींचे काम बाराखडी शिकवण्याचे. बाळंतपणाचे त्यांना काय कळते? खरे आहे. आम्ही मॅट्रिक शिकलेले मास्तर. डॉक्टर नव्हे. पण एकदा आम्ही डॉक्टर नसताना डॉक्टरासारखे बोललो, आणि त्याचे फळ फार वाईट झाले. म्हणून आज डॉक्टरांकडून नीट समजून घेऊन, जेवढे समजले तेवढेच सांगायला उभे आहोत.

आधी ती हकीकत ऐका.

वीसेक वर्षे झाली. आमची एक विद्यार्थिनी होती. चौथीत आमच्याच हाताखाली शिकली. अक्षर मोत्यासारखे. पुढे तिचे लग्न झाले. पहिल्या बाळंतपणाला रिवाजाप्रमाणे माहेरी आली. दवाखान्यात पोट चिरून बाळंतपण झाले. मुलगा झाला. आठव्या दिवशी लेक घरी आली. घरच्यांनी तिला बाजेवरून खाली उतरू दिले नाही. खाली शेगडी, वर गोधडी. पाणीसुद्धा मोजून. सारे मायेपोटीच चालले होते.

बाराव्या दिवशी तिचा बाप आमच्याकडे आला. कापूस वेचणीचे दिवस. घाईत होता बिचारा. म्हणाला, "गुरुजी, पोरीचा एकच पाय सुजला जी. पोटरी लय दुखते म्हणते. दवाखान्यात न्याव का?"

आम्ही काय सांगितले? आम्ही म्हणालो, "बाळंतिणीला सूज येतेच. घाबरू नका. पडून राहू द्या. चार दिवसांत उतरेल."

बापाने आमच्यावर विश्वास ठेवला. गुरुजी म्हणजे शिकलेला माणूस! घरच्यांनी सुजलेला पाय तेल लावून चोळला, शेकला. तिसऱ्या दिवशी पहाटे पोर अंगणात जायला उठली. चार पावले गेली. छाती धरून खाली बसली. श्वास घेता येईना. गाडी येईपर्यंत सारे आटोपले होते.

पुढे एका डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटली आणि रक्ताबरोबर वाहत फुप्फुसात जाऊन अडकली. वेळेवर दवाखान्यात नेले असते तर पोर बहुधा वाचली असती.

त्या बापाने आम्हाला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. पण आम्ही स्वतःला देतो. म्हणून हे भाषण.

गुठळी म्हणजे काय?

मंडळी, खुरपताना बोट कापले तर रक्त येते. थोडा वेळ दाबून धरले की रक्त थांबते. का थांबते? जखमेपाशी रक्त गोठते. विरजण लावले की दुधाचे दही होते, तसे पातळ रक्त घट्ट होते. त्याची बुचासारखी गुठळी बनते आणि जखमेचे तोंड बंद होते. ही गुठळी आपली मित्र आहे. ती झाली नसती तर एवढ्याशा जखमेनेही माणसाचे रक्त वाहतच राहिले असते.

पण हीच गुठळी जखम नसताना, शिरेच्या आत झाली तर? मग ती शत्रू होते. शिरेतून रक्त वर जायचे अडते. पाय सुजतो, ठणकतो. आणि गुठळीचा तुकडा सुटला तर तो हृदयातून पुढे फुप्फुसात जातो आणि तेथे वाट अडवतो. मोठा तुकडा असेल तर जीव जातो.

असे का होते? रुडॉल्फ विरखो नावाचे एक जर्मन डॉक्टर होऊन गेले. त्यांनी १८५६ साली या गुठळीच्या प्रवासावर मोठे लेखन केले. त्यांच्या नावाने आजही डॉक्टर मंडळी तीन कारणे सांगतात. पहिले, रक्ताचा वेग मंदावणे. दुसरे, रक्तात गोठण्याचा गुण वाढणे. तिसरे, शिरेला इजा होणे.

आपली धाम नदी पाहा. पावसाळ्यात खळाळत वाहते तेव्हा तिच्यात शेवाळ धरत नाही. उन्हाळ्यात धार बारीक झाली, पाणी डोहात साचून राहिले, की शेवाळ धरू लागते. रक्ताचेही तसेच आहे. वाहते राहिले तर बरे. साचून राहिले की गुठळीला वाव मिळतो.

गरोदरपणातच हे भय का?

वर सांगितलेली तिन्ही कारणे गरोदर बाईच्या अंगी एकत्र येतात.

निसर्ग शहाणा आहे. बाळंतपणात रक्त जाणार हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो बाईच्या रक्तात गोठण्याचा गुण आधीच वाढवून ठेवतो. ही तयारी चांगल्यासाठीच आहे. पण तिची दुसरी बाजू म्हणजे गुठळीचे भय. हे झाले एक कारण.

बाळ वाढते तशी पिशवी जड होते. ती पोटातील मोठ्या शिरांवर दाबते. पायांकडून वर येणारे रक्त हळू चालते. हे झाले दुसरे. बाळंत होताना, विशेषतः पोट चिरावे लागले तर, शिरांना इजा होते. हे झाले तिसरे.

गरोदरपणातली ही गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात होते. कारण असे की डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर उजव्या बाजूच्या धमनीखालून जाते. तेथे ती आधीच थोडी दाबलेली असते.

आता भिऊन जाऊ नका. हजार बाळंतपणांत अशी गुठळी साधारण एक-दोघींनाच होते. पण त्याच वयाच्या, गरोदर नसलेल्या बाईपेक्षा गरोदर बाईला हे भय चार ते पाच पट असते. आणि सर्वांत जास्त भय कधी? बाळंत झाल्यानंतरच्या सहा आठवड्यांत. म्हणजे आपला सव्वा महिना आणि वर थोडे दिवस. लेकरू हाती आले, सुटलो बुवा, असे आपण म्हणतो. तेव्हाच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे असते.

भय कोणाला जास्त?

सगळ्या बायांना सारखे भय नसते. काहींना फार असते. त्यांचे बाळंतपण जोखमीचे समजावे. त्या कोण, ते नीट ध्यानात धरा.

जिला पूर्वी एकदा अशी गुठळी झाली आहे, ती. तिला पुन्हा होण्याचे भय सर्वांत मोठे. जिच्या आईला, बहिणीला किंवा भावाला गुठळी झाली आहे, ती. जिचे गर्भ पुन्हा पुन्हा पडतात, ती. अशा काही बायांच्या रक्तातच गुठळी करणारा दोष असतो आणि तो रक्त तपासून कळतो. जिच्या हृदयात धातूची झडप बसवली आहे, ती. जिला मूत्रपिंडाचा किंवा सांध्यांचा जुना आजार आहे, ती. जिला सिकलसेलचा आजार आहे, ती.

सिकलसेलबद्दल दोन शब्द जास्त बोलायला हवेत, कारण हा आजार आपल्या विदर्भात पुष्कळ आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, एकमेकींत अडकतात आणि बारीक वाटा बंद करतात. आईबाप दोघांकडून दोष आला तर मुलाला आजार होतो. एकाकडूनच आला तर ते मूल फक्त वाहक राहते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. तपासणी लग्नाआधी करावी हे उत्तम. निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला तरी करावी. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला गुठळीचे भय जास्त असते. तिने पाणी कमी पडू देऊ नये. तिचे बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच व्हावे.

याशिवाय काही लहान लहान कारणे आहेत. वय पस्तिसाच्या वर. वजन फार. पोटात जुळे. रक्तदाब वाढलेला. आधीची तीन किंवा जास्त बाळंतपणे. पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा. बिडी ओढण्याची सवय. ओकाऱ्यांनी अंगातले पाणी जाणे. ताप किंवा जंतूंची बाधा. पोट चिरून बाळंतपण. बाळंतपणात फार रक्त जाणे. दिवसेंदिवस अंथरुणाला खिळून राहणे. यातले एखादे कारण एकटे असेल तर भय थोडे. पण तीन-चार एकत्र आली की भय मोठे होते. एक-एक काडी मोडते, मोळी मोडत नाही, तसेच हे.

म्हणून डॉक्टरांनी विचारले तर काही लपवू नका. "माझ्या बहिणीचा पाय बाळंतपणात सुजला होता," एवढे एक वाक्यही फार उपयोगाचे असते. ते विचारायला विसरले तर आपण होऊन सांगा.

खूण कशी ओळखावी?

गरोदरपणी दोन्ही पायांवर सारखी थोडी सूज पुष्कळ बायांना येते. (तिच्याबरोबर चेहरा सुजला, डोके दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब वाढला असे समजून लगेच दाखवावे. तो वेगळा विषय.) गुठळीची खूण म्हणजे एकच पाय जास्त सुजतो. पोटरी किंवा मांडी दुखते. हात लावला तर गरम लागते. रंग तांबूस किंवा निळसर होतो. कधी दुखणे जांघेत किंवा ओटीपोटात असते. पाऊल टेकवत नाही.

अशा वेळी काय करू नये, ते आधी सांगतो. पाय चोळू नये. मालिश करू नये. शेकू नये. आणि आमच्यासारख्या मास्तराला विचारू नये! त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. तेथे पायावर यंत्र फिरवून सोनोग्राफीने शीर पाहतात. त्याने पोटातल्या बाळाला काही अपाय होत नाही.

गुठळी फुप्फुसात गेल्याच्या खुणा याहून भयंकर. एकाएकी दम लागतो. श्वास आत घेताना छातीत कळ येते. खोकल्यातून रक्त पडते. छाती धडधडते. भोवळ येते. येथे दिवसही घालवू नये, तासही घालवू नये. तत्काळ १०८ ला फोन करावा.

आणखी एक खूण बाळंतिणीच्या घरच्यांनी लक्षात ठेवावी. कधी गुठळी डोक्यातल्या शिरेत होते. आपल्या देशात बाळंतिणींमध्ये हा प्रकार डॉक्टरांनी पुष्कळ पाहिला आहे. डोके सारखे दुखते, थांबत नाही. ओकाऱ्या होतात. नजर अंधुक होते. झटके येतात. एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो. बाई असंबद्ध बोलते. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले. मग लिंबू उतरवतात, अंगारा लावतात. बाहेरचे काही नसते, मंडळी. आतले असते. त्या बाईला औषध हवे असते. दवाखान्यात वेळेवर नेली तर अशा पुष्कळ बाया पूर्ण बऱ्या होतात.

टाळावे कसे?

यातला पहिला भाग प्रत्येक बाईसाठी आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

हालचाल ठेवावी. गरोदरपणी घरातले हलके काम, सकाळ-संध्याकाळ थोडे चालणे चांगले. डॉक्टरांनी काही कारणाने पडून राहायला सांगितले असेल, तरी पडल्या पडल्या पावले हलवावीत. पंजा वर, पंजा खाली. घोटा गोल फिरवावा. पोटरीचे स्नायू हलले की ते शिरेतले रक्त वर ढकलतात. विहिरीवरचा पंप जसा पाणी वर चढवतो, तशी पोटरी हा पायाचा पंप आहे.

आपल्या पवनारात एक गोष्ट जुनी माणसे सांगत. १९३८ साली विनोबाजी प्रकृती फार खालावल्यामुळे येथे येऊन राहिले. येथे त्यांनी रोज थोडे थोडे शेत खणायला सुरुवात केली आणि ते हळूहळू वाढवत नेले. त्यांची प्रकृती सुधारली. त्यांचा आजार वेगळा होता. बाळंतिणीने शेत खणावे असे आम्ही सांगत नाही! पण विश्रांती म्हणजे नुसते पडून राहणे नव्हे, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

बाळंत झाल्यावर डॉक्टर किंवा नर्सबाई सांगतील तितक्या लवकर उठावे आणि चालावे. पोट चिरलेले असले तरीसुद्धा, त्यांच्या सांगण्याप्रमाणे. "कच्चं अंग आहे, उठू नको" असे म्हणून बाजेला बांधून ठेवू नये. बाजेवर झोपावे, पण बाजेवरच राहू नये.

पाणी भरपूर द्यावे. बाळंतिणीला पाणी दिले तर पोट सुटते, थंडी भरते, असा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. तिच्या अंगातून रक्त गेलेले असते. दूध पाजताना पाणी जाते. त्यात शेगडीची धग, घाम. आणि वरून पाणी तोडायचे? मग रक्त घट्ट होणार नाही तर काय होईल? तहान लागेल तेव्हा तिला पाणी द्या. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल तर किती द्यावे ते डॉक्टरांना विचारा.

पुण्या-मुंबईचा लांबचा प्रवास असेल तर एका जागी तासन् तास बसू नये. गाडीत मधून मधून उठावे. उठता आले नाही तर बसल्या जागी पावले हलवावीत. झोपताना गरोदर बाईने कुशीवर झोपावे, डाव्या कुशीवर झोपल्यास बरे. त्याने पोटातल्या मोठ्या शिरेवरचा भार कमी होतो.

आता दुसरा भाग. तो जोखमीच्या बायांसाठी आहे. त्यांना नुसत्या चालण्याने भागत नाही. त्यांना औषध लागते.

सुईची गोष्ट

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या सुनेचे तीन गर्भ एकापाठोपाठ गेले. घरात कोणी उघड बोलत नसे. पण शेजारच्या बाया कुजबुजत. सून पाळण्याची गाणी लागली तरी उठून आत जाई. चौथ्या वेळी रक्ताची विशेष तपासणी झाली. तीत गुठळी करणारा दोष सापडला. पुन्हा बारा आठवड्यांनी तपासले. तेच निघाले. डॉक्टर म्हणाले, "रोज एक इंजेक्शन पोटाच्या कातडीत घ्यावे लागेल. शिवाय कमी ताकदीची अ‍ॅस्पिरिनची एक गोळी. बाळंतपणापर्यंत, आणि नंतर सहा आठवडे."

आमच्या घरी वादळ उठले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "रोज पोटात सुई? लेकराले लागली म्हणजे? मी नाही टोचू देणार." खरे सांगायचे तर भीती आम्हालाही वाटत होती. पण आम्ही एकदा न विचारता बोललो होतो. या वेळी ठरवले, आधी विचारायचे. दोघेही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितले. औषधाचे नाव हेपॅरिन. १९१६ साली अमेरिकेत जे मॅक्लीन नावाच्या एका वैद्यक शाखेच्या विद्यार्थ्याला, प्राण्याच्या अवयवांवर प्रयोग करताना, रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला. त्याच कामातून पुढे हेपॅरिन आले. यकृताला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून ते नाव पडले. आता गरोदर बायांना त्याचाच एक सुधारलेला प्रकार देतात. इनॉक्सापॅरिन हे त्यातले एक नाव. हे औषध वारेतून पलीकडे जात नाही. म्हणजे आईच्या रक्तात राहते, बाळापर्यंत पोहोचतच नाही. आणि सुई अगदी आखूड असते. कातडीची चिमूट धरून तिच्यातल्या चरबीत टोचतात. पिशवी पुष्कळ आत असते. बाळाला सुई लागण्याचा प्रश्नच नाही.

त्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. हे औषध डुकराच्या आतड्यापासून करतात. धर्माने किंवा मनाने कोणाला अडचण वाटत असेल, तर तसे मोकळेपणी सांगावे. डॉक्टर विचार करून दुसरा उपाय सुचवतील. पण मनात ठेवून औषध गुपचूप बंद करू नये. आमच्या सुनेने उत्तर दिले, "माझं लेकरू वाचत असेल तर मला चालेल."

मुलगा टोचायला शिकला. तो कामाला गेला की पंचाईत होई. शेवटी ज्या सौभाग्यवती नाही म्हणत होत्या, त्यांनीच सुई हाती घेतली. रोज जागा बदलायची, टोचल्यावर चोळायचे नाही, वापरलेली सुई उघड्यावर फेकायची नाही, डब्यात जमा करून दवाखान्यात परत द्यायची. सारे शिकल्या.

आता पुढचे ऐका, कारण ते या वर्गाच्या कामाचे आहे. आमच्या विहीणबाई मुलीजवळ राहायला आल्या होत्या. त्या आर्वीकडच्या. लहानपणी शाळा पाहिली नाही. पन्नाशीनंतर अशाच एका प्रौढ वर्गात अक्षरे आणि आकडे शिकल्या. रोज इंजेक्शन झाले की त्या दिनदर्शिकेवर फुली मारत. एका संध्याकाळी नवा खोका उघडला. विहीणबाईंनी खोका दिव्याखाली धरला आणि म्हणाल्या, "थांबा जी. याच्यावर साठ लिवलं हाय. आपलं त चाळीस होतं."

आम्ही पाहिले. खरेच. दुकानातून जास्त ताकदीचा खोका आला होता. या औषधाची मात्रा बाईच्या वजनावर आणि जोखमीवर ठरते. जास्त झाली तर रक्तस्राव होऊ शकतो. लगेच दवाखान्यात फोन केला, खोका बदलून आणला. आम्ही जन्मभर आकडे शिकवले, पण तो आकडा आमच्या लक्षात आला नव्हता. विहीणबाईंच्या आला. भगिनींनो, अक्षर ओळखीचा याहून मोठा उपयोग आम्ही पाहिला नाही.

बाळंतपणाचा दिवस आधी ठरला होता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आदल्या दिवशी इंजेक्शन थांबवले. हे ध्यानात ठेवा. कळा सुरू झाल्या तर पुढचे इंजेक्शन घेऊ नये, दवाखाना गाठावा, आणि शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ती वेळ सांगावी. पाठीत भूल द्यायची असेल तर डॉक्टरांना ही वेळ कळणे फार जरुरीचे असते.

मुलगी झाली. नंतर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा सहा आठवडे इंजेक्शन. त्या काळात अंगावरचे दूध पाजायला काही अडचण नसते. आज नात घरभर धावते.

औषधाबाबत चार सूचना

पहिली. हे इंजेक्शन प्रत्येक गरोदर बाईसाठी नाही. कोणाला द्यायचे, किती, कधीपर्यंत, हे डॉक्टरच ठरवतील. शेजारणीने घेतले म्हणून आपण घेऊ नये.

दुसरी. हृदयाची झडप बदललेल्या बाया रक्त पातळ ठेवण्याची वॉरफॅरिन किंवा तसलीच गोळी घेतात. ही गोळी वारेतून बाळापर्यंत जाते आणि सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला अपाय करू शकते. पण भिऊन एकदम बंद केली तर झडपेवर गुठळी होऊन आईचाच जीव जातो. म्हणून अशा बाईने मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि पाळी चुकताच धावत जावे. आपल्या मनाने गोळी सुरूही करू नये, बंदही करू नये.

तिसरी. इंजेक्शन चालू असताना हिरड्यांतून, नाकातून किंवा अंगावरून रक्त जाऊ लागले, तर लगेच कळवावे. टोचल्या जागी लहान काळा-निळा डाग पडतो, त्याला भिऊ नये.

चौथी. बाळंतपणानंतर पाळणा लांबवण्याच्या ज्या रोजच्या गोळ्या मिळतात, उदाहरणार्थ माला-एन, त्यांनी गुठळीचे भय वाढते. बाळंत झाल्यावर पहिले सहा आठवडे त्या घेऊच नयेत. जिला एकदा गुठळी झाली आहे तिने त्या कधीच घेऊ नयेत. तांबीसारखे दुसरे उपाय आहेत. नर्सबाईंना विचारावे.

आता आपण काय करायचे?

दिवस राहिल्याचे कळताच आशाताईंकडे नाव नोंदवा. माता व बाल संरक्षण कार्ड घ्या आणि प्रत्येक तपासणीला बरोबर न्या. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची विशेष तपासणी मोफत होते. जोखीम आढळली तर कार्डावर लाल खूण लावतात. लाल खूण म्हणजे बाई अभागी, असे समजू नका. रेल्वेच्या फाटकावर लाल दिवा लागतो, तो अपघात टळावा म्हणून. ही खूणही तशीच आहे.

आपण पवनारकर एका बाबतीत भाग्यवान आहोत. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जवळ आहे. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सावंगीला मोठे रुग्णालय आहे. वर्ध्याला जिल्हा रुग्णालय आहे. गडचिरोलीच्या आतल्या गावातल्या बाईला जेथे पोहोचायला दिवस लागतो, तेथे आपण थोड्या वेळात पोहोचतो. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध आणि नेण्या-आणण्याची गाडीही मोफत आहे. गाडीसाठी १०२ किंवा १०८ हे आकडे. आज वहीत ते दहा वेळा लिहा. घरी जाऊन भिंतीवर लिहा.

पुरुष मंडळींना वेगळे सांगतो. पाय सुजला हे बाई बहुधा सासूला सांगते, सासू सासऱ्याला, आणि सासरा वेचणी आटोपल्यावर पाहू म्हणतो. कापूस चार दिवस थांबला तर नुकसान होईल, पण ते भरून येईल. जे भरून येत नाही ते आम्ही पाहिले आहे.

आमच्या त्या विद्यार्थिनीचा मुलगा आता मोठा झाला आहे. परवा रस्त्यात भेटला. पाया पडला. म्हणाला, "गुरुजी, आई तुमच्याजवळ शिकली होती ना जी?" आम्ही हो म्हणालो. पुढे बोलता आले नाही. आईचे अक्षर कसे होते, एवढेच त्याला सांगितले.

मंडळी, त्या दिवशी तिच्या बापाने विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर चुकले ते आमचे. आता तोच प्रश्न तुम्हाला कोणी विचारील. कोणाची लेक असेल, कोणाची सून असेल. एकच पाय सुजला, दवाखान्यात न्याव का, असे विचारील. तेव्हा तुम्ही काय सांगाल?

"आत्ता न्या." एवढेच सांगा.

आमचे बोलणे संपले. आता वह्या उघडा. पहिला शब्द लिहा: पाणी. दुसरा: पाय. तिसरा: गुठळी. आणि त्याखाली ते दोन आकडे लिहा.